लसीची मुदत

ज्या कागदावर मुदत लिहिलेली नाहीं तो कागद कायमचा, असा एक भोळा समज व्यवहारांत पुष्कळांचा असतो, आणि तो कोर्टाची पायरी चढल्यावांचून सहसा फिटत नाहीं. लसीच्या बाबतींत आपल्या समाजाचा समज नेमका याच जातीचा आहे. लहानपणीं आईनें दवाखान्यांत नेऊन टोंचून आणलें, दंडावरचा वण अजून दिसतो, म्हणजे आपण जन्मभराचे सुरक्षित, अशा खातरीनें चाळीस-पन्नास वर्षांचे शहाणेसुरते गृहस्थ वावरत असतात. वास्तविक तो वण क्षयाच्या बी. सी. जी. लसीचा, किंवा पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा असतो. धनुर्वाताशीं किंवा घटसर्पाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. याच गृहस्थांच्या पायांत खिळा शिरला कीं मात्र ही खातरी एका क्षणांत नाहींशी होते, आणि चारच महिन्यांपूर्वीं धनुर्वाताचें इंजेक्शन घेतलेलें असूनही ते पुन्हां दवाखान्याकडे धांव घेतात. सारांश, जेथें पुन्हां टोंचून घ्यावयास पाहिजे तेथें आम्ही घेत नाहीं, आणि जेथें नको तेथें घेतों. या उलट्या व्यवहाराचें मूळ एकच आहे. लसीपासून मिळणारें संरक्षण किती दिवस टिकतें, हा प्रश्न आम्हीं कधीं कोणास विचारलाच नाहीं.

प्रश्न नवा नाहीं. १७९६ सालीं इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यानें गाईच्या देवीची लस टोंचली, तेव्हां एकदां टोंचल्यानें जन्माची निश्चिंति होते असें त्याचें ठाम मत होतें. ती लस सहा वर्षांत मुंबईस पोहोंचली. १८०२ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईंत तीन वर्षांच्या एका मुलीस झालेली टोंचणी ही या देशांतील पहिली. पुढें वीस-पंचवीस वर्षें लोटलीं, आणि लहानपणीं टोंचलेलीं माणसें मोठेपणीं देवीनें आजारी पडतात असें युरोपांतील डॉक्टरांच्या दृष्टोत्पत्तीस येऊं लागलें. आजार बहुधा सौम्य असे, मरणारे थोडे असत. पण माणसें पडत हें खरें. अशा वेळीं जेन्नरच्या शब्दास चिकटून डोळे मिटणें हा एक मार्ग होता, आणि पुन्हां टोंचून पाहणें हा दुसरा. जर्मनींतील वुर्टेंबर्ग व प्रशिया या राज्यांनीं १८३० च्या सुमारास दुसरा मार्ग धरला व आपल्या सैनिकांस पुन्हां टोंचण्याचा क्रम सुरू केला. १८७४ सालीं जर्मनीनें तसा कायदाच केला: एक टोंचणी तान्हेपणीं आणि दुसरी बाराव्या वर्षीं, दोन्ही सक्तीच्या. इंग्लंडांत सक्तीचा कायदा त्याच्या आधीं, म्हणजे १८५३ सालींच झाला होता; पण तो तान्ह्या मुलांपुरता, दुसऱ्या टोंचणीची सक्ति त्यांत नव्हती. पुढें जर्मनींतून देवीचा रोग जवळजवळ नाहींसा झाला, आणि लंडनांत १९०१-०२ सालींही त्याची सांथ आली.

आमच्याकडे १८८० सालीं जो टोंचणीचा कायदा आला त्यानें इंग्लंडचाच कित्ता गिरविला. त्यांत ‘अरक्षित मूल’ या शब्दांची व्याख्या केलेली होती. ज्यास देवी येऊन गेल्या नाहींत, किंवा ज्यास यशस्वी रीतीनें टोंचण्यांत आलें नाहीं, तें अरक्षित. या व्याख्येचा अर्थ वकिली डोळ्यांनीं पाहिला तर असा निघतो कीं, एकदां टोंचणी लागली कीं मूल कायमचें रक्षित झालें, आणि त्या रक्षणास मुदत म्हणून कांहीं नाहीं. प्रौढ माणसाचा तर विचारच नाहीं. जर्मनीचा कायदा त्या वेळीं अवघा सहा वर्षांचा होता; तो आमच्या कायदेकर्त्यांनीं पाहिला नाहीं, किंवा पाहून सोडला. लस हें लहान मुलांचें काम, आणि तेंही एकदांचें, ही जी समजूत आमच्या लोकांत रुजली तिचें एक कारण हा कायदा होय, असें आम्हांस वाटतें.

निरनिराळ्या लसींस निरनिराळ्या मुदती असतात हें सरकारांनीं पुढें मान्य केलें, पण तें मुख्यतः प्रवाशांपुरतें. परदेशीं जाणाऱ्यास जें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागे त्यांत देवीच्या टोंचणीची मुदत तीन वर्षें, आणि पटकीच्या टोंचणीची अवघी सहा महिने धरलेली असे. देवीचा प्रश्न १९८० सालीं जग त्या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें तेव्हां मिटला. परंतु पीतज्वराचें उदाहरण अजून चालू आहे, आणि तें सर्वांत बोलकें आहे. आमच्या वाचकांपैकीं जे आफ्रिकेशीं व्यापार करतात त्यांच्या संग्रहीं या लसीचें पिवळें पुस्तक असेलच. त्यावरील मुदत पूर्वीं दहा वर्षांची असे. २०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं साठलेला पुरावा तपासला, आणि निरोगी माणसास एक टोंचणी जन्मभर पुरते असा निष्कर्ष काढला. व ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतच प्रमाणपत्राची मुदत आजन्म करण्यांत आली.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगत आहों. बूस्टर म्हणजे कंपन्यांचा धंदा, असें म्हणणारा एक वर्ग आपल्या पेठांतून वाढत चालला आहे. आणि धंदा म्हणजे काय हें पेठेस आम्हीं शिकवावें असें नाहीं. विकणाऱ्याच्या शब्दावर माल घेऊं नये, हें ठीकच. परंतु ज्या शास्त्रानें दर दहा वर्षांनीं होणारी पीतज्वराच्या लसीची विक्री स्वतः पुरावा पाहून थांबविली, तेंच शास्त्र जेव्हां घटसर्पाची लस पुन्हां घ्या म्हणून सांगतें, तेव्हां त्याच्या हेतूवर शंका घेण्याआधीं त्याचा पुरावा पाहणें हें व्यवहाराचेंच कलम होय.

आतां एका लसीस सहा महिने आणि दुसरीस जन्मभर, असा भेद कां व्हावा? लस टोंचल्यावर शरीरांत दोन प्रकारची तरतूद होते. एक, रोगजंतूस किंवा त्याच्या विषास पकडणारीं प्रतिपिंडें रक्तांत फिरूं लागतात. हे पेढीवरचे पहारेकरी. दुसरी, त्या जंतूची ओळख लक्षांत ठेवणाऱ्या स्मरणपेशी मागें राहतात; हें पोलीस चौकींतील दप्तर, ज्यांत चोराचें वर्णन लिहिलेलें असतें. पहारेकरी कालांतरानें कमी होतात. दप्तर पुष्कळ दिवस टिकतें. पण दप्तर उघडून, चोर ओळखून, नवे शिपाई पाठविण्यास कांहीं दिवस लागतात. तेव्हां सगळा प्रश्न चोर किती घाईंत आहे यावर येऊन ठेपतो. हिपॅटायटिस-बी च्या काविळीचा विषाणु शरीरांत शिरल्यापासून रोग उमटेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. इतक्या अवकाशांत दप्तरावरून शिपाई जमा होतात. म्हणून लहानपणीं या लसीचा पूर्ण क्रम घेतलेल्या माणसाच्या रक्तांतील प्रतिपिंडें मोजमापाच्या खालीं गेलीं तरी तीस वर्षांपर्यंत संरक्षण टिकल्याचें दिसून आलें आहे, आणि निरोगी माणसास बूस्टरची जरूर धरीत नाहींत. घटसर्पाचा मामला निराळा. तो दोन ते पांच दिवसांत घसा धरतो, आणि मारतें तें त्याचें विष. तेथें पहारेकरी दारांतच उभा पाहिजे. धनुर्वाताचें विष तर इतकें जहाल कीं, माणसास मारण्यास जेवढें पुरतें तेवढ्यानें शरीरास त्याची ओळखही पटत नाहीं. धनुर्वातांतून वांचलेल्या रोग्यालाही पुन्हां धनुर्वात होऊं शकतो, आणि म्हणून बरा झाल्यावर त्यास लस द्यावी लागते.

याच्या अगदीं उलट टोंकास गोंवर आहे. १८४६ सालीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फॅरो बेटांवर गोंवराची मोठी सांथ आली, तेव्हां पानुम नांवाच्या तरुण डॅनिश डॉक्टरानें घरोघर हिंडून टिपणें केलीं. त्या बेटांवर याच्या आधींची सांथ १७८१ सालीं येऊन गेली होती, आणि तींत गोंवर निघालेले जे म्हातारे हयात होते त्यांपैकीं एकासही पासष्ट वर्षांनीं तो पुन्हां झाल्याचें त्यास आढळलें नाहीं. गोंवराच्या लसीचें संरक्षणही दीर्घकाळ टिकतें. मग ती दोनदां कां देतात, असें वाचक विचारतील. येथें एक घोटाळा पुष्कळांचा होतो. दुसरी मात्रा ही पहिलीचा जोर ओसरला म्हणून दिलेली बूस्टर नव्हे. नवव्या महिन्यांत टोंचलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें पंधरा मुलांत ती लागतच नाहीं. त्या पंधरांस दुसरी संधि मिळावी म्हणून ती सर्वांसच पुन्हां देतात. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षीं घ्यावी लागते तिचें कारण पुन्हां तिसरेंच: तेथें चोरच दर सालीं वेष पालटतो, आणि दप्तरांतील वर्णन जुनें होतें. डांग्या खोकल्यांत तर लसच काय, रोग होऊन गेला तरी त्याचें संरक्षण कांहीं वर्षांनीं विरतें.

मुदतीचा हिशेब सर्व देशांत एकच आहे असेंही नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अनेक वर्षें जपून ठेवलेलें रक्त तपासून असें प्रसिद्ध केलें कीं, धनुर्वातावरील प्रतिपिंडें निम्मीं होण्यास सुमारें अकरा वर्षें, आणि घटसर्पावरील निम्मीं होण्यास सुमारें एकोणीस वर्षें लागतात. अमेरिकेंत प्रौढांस दर दहा वर्षांनीं या दोहोंची लस घेण्यास सांगतात. इंग्लंडांत लहानपणापासून पांच मात्रा पुऱ्या झाल्या कीं सामान्य माणसास पुढें नेहमींच्या बूस्टरची जरूर मानीत नाहींत. जखम झाली किंवा परदेशीं जावयाचें झालें तर विचार करतात. जागतिक आरोग्य संघटना तान्हेपणच्या तीन मात्रांवर आणखी तीन सांगते: दुसऱ्या वर्षीं, चार ते सात वर्षांच्या दरम्यान आणि नऊ ते पंधराच्या दरम्यान. यावरून कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांतच एकमत नाहीं, मग आम्ही कशास टोंचून घ्यावें? पण मतभेद सहावी-सातवी मात्रा घ्यावी कीं नाहीं याविषयीं आहे. तीन मात्रांवर थांबावें असें कोणत्याही देशांतील तज्ज्ञ म्हणत नाहींत; आणि आमच्या देशांतील असंख्य माणसें तीनवर, किंवा त्याच्याही अलीकडे, थांबलेलीं आहेत.

त्याचा परिणाम काय होतो तें सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या वर्षांत जगानें पाहिलें. १९९० ते १९९८ या काळांत त्या प्रदेशांत घटसर्पाचे दीड लाखांहून अधिक रोगी झाले व सुमारें पांच हजार माणसें मेलीं. घटसर्प हा पोरांचा रोग, या समजुतीस त्या सांथीनें जबर तडाखा दिला. कारण रोग्यांत प्रौढ स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा होता. मुलांच्या टोंचणींत ढिलाई झाली होतीच, परंतु प्रौढांचें लहानपणचें संरक्षण विरलेलें होतें, आणि तिकडे कोणी पाहिलें नव्हतें. आमच्याकडे इतकी भयंकर गोष्ट झालेली नाहीं, म्हणून स्वस्थ बसावें काय? जगांत घटसर्पाचे सर्वांत अधिक रोगी अनेक वर्षें याच देशांत नोंदले गेले. एकट्या २०१८ सालीं ही संख्या साडेआठ हजारांच्या वर होती. २०१६ सालीं केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत जी सांथ आली तींत दहा वर्षांवरील मुलें व मोठीं माणसें पुष्कळ होतीं. रोग वयानें वर सरकत आहे, आणि आम्ही अजून पाळण्यापाशींच उभे आहों.

सरकारी क्रमांत तरतूद नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत तीन मात्रा. मग सोळा ते चोवीस महिन्यांत एक बूस्टर, पांच-सहा वर्षांचें असतां दुसरी. आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात-घटसर्पाची जोडलस. पूर्वीं या शेवटच्या दोन वेळीं केवळ धनुर्वाताची लस देत. २०१९ सालीं तिच्या जागीं जोडलस आली, तें घटसर्पाकरितांच. या सर्व मात्रा सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. परंतु पहिल्या तीन मात्रांपर्यंत आईच्या पदरांत तान्हें मूल असतें, आरोग्यसेविका दारीं येते, कार्ड सांभाळलेलें असतें. मूल शाळेंत जाऊं लागलें कीं कार्ड ट्रंकेच्या तळाशीं जातें. पांचव्या वर्षींच्या बूस्टरची आठवण कोणास राहत नाहीं, आणि सोळाव्या वर्षीं आपणांस कांहीं टोंचून घ्यावयाचें असतें हें पुष्कळ सुशिक्षित घरांतून कोणास ठाऊकही नसतें.

यांत आणखी एक मौज आहे. प्रौढपणीं ही लस ज्यांस नियमानें मिळते अशा या देशांत एकच वर्ग: गरोदर स्त्रिया. त्यांच्या टोंचणीनें आणि स्वच्छ बाळंतपणानें एवढें काम केलें कीं, २०१५ सालीं बाळ-बाळंतिणींचा धनुर्वात हा या देशांत सार्वजनिक प्रश्न उरला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. ज्या बायकांस अडाणी म्हणण्याची आमच्या पुरुषवर्गास संवय आहे, त्यांचें संरक्षण ताजें. आणि त्यांना शास्त्र शिकवणाऱ्या घरधन्याची शेवटची मात्रा केव्हां झाली हें त्यालाही सांगतां येणार नाहीं!

तो घरधनी धनुर्वाताचें इंजेक्शन खरचटल्याबरोबर घेतो हें वर आलेंच आहे. याविषयींचा नियम असा: लहानपणचा क्रम पुरा झालेला असेल तर स्वच्छ व किरकोळ जखमेस शेवटच्या मात्रेपासून दहा वर्षें, आणि मळकट किंवा खोल जखमेस पांच वर्षें उलटलीं असतील तरच नवी मात्रा लागते. दर चार महिन्यांनीं घेतल्यानें संरक्षण वाढत नाहीं, दंड मात्र सुजतो. कुत्रें चावल्यावरही हाच घोटाळा. पूर्वीं श्वानदंशाचा पुरा क्रम घेतलेल्यास पुन्हां कुत्रें चावलें तर सामान्यतः दोनच मात्रा पुरतात, एक लगेच त्याच दिवशीं व दुसरी त्यानंतर तीन दिवसांनीं; पण ‘मागें घेतली आहे’ म्हणून मुळींच न घेणें हें प्राणावर बेतणारें आहे. या दोन्ही प्रसंगीं डॉक्टर प्रथम मागची तारीख विचारतो, आणि आमच्यापाशीं तारीख नसते. तारीख नाहीं म्हणून डॉक्टर पुन्हां टोंचतो. त्यास दोष देतां येत नाहीं. पुराव्यावांचून दावा कोणतें कोर्ट मानील?

विषमज्वराच्या लसीची हकीकत महाराष्ट्रास जवळची आहे. जुनी लस दोन वर्षांखालील मुलांस लागतच नसे, आणि इतरांस दर तीन वर्षांनीं पुन्हां घ्यावी लागे. कारण ती पहारेकरी उभे करी, पण दप्तर लिहून ठेवीत नसे. हैदराबादेस तयार झालेल्या नव्या लसीनें हा दोष पुष्कळ दूर केला, आणि सार्वजनिक मोहिमेंत ती मुलांस देण्याचा पहिला मान २०१८ सालीं नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें मिळविला. आफ्रिकेंतील मलावी देशांत या लसीनें चार वर्षांहून अधिक काळ सुमारें ७८ टक्के संरक्षण दिल्याचें दिसलें आहे. एका नगरपालिकेनें मनावर घेतलें तर काय होतें याचा हा दाखला इतर नगरपालिकांनीं पाहावा.

उरला कोविड. १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत टोंचणी सुरू झाली. पुण्यांत तयार झालेली लस देशोदेशीं गेली. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य-सेवक, आघाडीचे कर्मचारी व व्याधिग्रस्त वृद्ध यांस तिसरी मात्रा मिळूं लागली, आणि त्याच वर्षीं १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस ती सर्व प्रौढांस फुकट होती. तरी लोकांचा उत्साह ओसरला होता. ‘लस घेऊनही झालाच ना?’ हा प्रश्न तेव्हां ज्याच्या त्याच्या तोंडीं होता. झाला, हें खरें. संसर्गापासूनचें संरक्षण थोड्या महिन्यांत उतरलें. परंतु जीवघेण्या आजारापासूनचें त्याहून पुष्कळ अधिक टिकलें. पहारेकरी पांगले, दप्तर राहिलें. देवीच्या वेळीं ‘टोंचलेलींही पडतात, पण मरत नाहींत’ असें जें दिसलें होतें, त्याचीच ही नवी आवृत्ति होती. आणि ती कोणीं लोकांस आधीं समजावून सांगितली नाहीं, हा दोष अधिकाऱ्यांकडे जातो. जन्मभराचें आश्वासन न देतां मुदतीसुद्धां सांगितलें असतें, तर लोकांचा विश्वास इतका ढासळता ना. आज ही लस सर्वांनीं पुनःपुन्हां घ्यावी असें कोणी म्हणत नाहीं. वृद्ध व दुर्बळ यांनीं डॉक्टरांस विचारावें, इतकेंच.

पण कोविडच्या दिवसांत सरकारनें एक गोष्ट करून दाखविली. कोट्यवधि प्रौढांच्या टोंचणीची तारीख लिहून ठेविली, आणि ज्याचा त्यास दाखला दिला. जें एका रोगापुरतें साधलें तें धनुर्वात-घटसर्पास कां साधूं नये? प्रौढांस टोंचा असा कायदा करा, अशी मागणी आम्ही करीत नाहीं. सक्तीनें जें मिळवावयाचें तें नोंदीनें व आठवणीनें पुष्कळसें मिळेल अशी आमची समजूत आहे. जूनमध्यें शाळा उघडतात. पहिलींत येणाऱ्या मुलाचें टोंचणीचें कार्ड दाखल्याबरोबर मागावें, पांचवीच्या व दहावीच्या वर्गांत नगरपालिकेच्या परिचारिकेनें ठरल्या दिवशीं जावें, आणि राहिलेली मात्रा तेथेंच टोंचून तिची तारीख शाळेच्या दप्तरांत व मुलाच्या हातांत द्यावी. यास नवा पैसा फारसा लागत नाहीं. लस सरकारची आहे, शाळा आहेत, परिचारिका आहेत. व्यापारी मंडळांनींही आपल्या गुमास्त्यांची व हमालांची एवढी चौकशी करावी. खिळे, पत्रे, गोणपाट यांत दिवसभर हात घालणारा हमाल धनुर्वाताच्या जितका तोंडीं उभा आहे तितका गादीवरचा शेठ नाहीं. आमच्या नगरपालिकेच्या आरोग्य समितीपुढें हा विषय कोणत्या सभासदानें केव्हां मांडला, हें वाचकांनीं येत्या निवडणुकीपूर्वीं आपल्या वॉर्डाच्या उमेदवारास विचारून पाहावें.